सील न फोडलेला कॅमेरा

कवळीवाल्यांच्या घरी गेलेल्या माणसाला पाण्याच्या आधी नॅपकिन मिळायचा. "हात कोरडे करा, अगदी कोरडे," असं ते स्वतः सांगायचे, आणि पाहुणा बिचारा आपल्या हाताला काय लागलंय ते उलटसुलट करून बघत राहायचा. काही लागलेलं नसायचं. पण बैठकीच्या खोलीत भिंतभर काचेचं कपाट होतं, त्यात जुने कॅमेरे ओळीने मांडलेले होते, शाळेच्या फोटोत मुलं उभी करतात तसे, बुटके पुढे आणि उंच मागे. आणि हात कोरडे केल्यावरसुद्धा त्यातला एकही कॅमेरा कोणाच्या हातात मिळायचा नाही. नुसतं बघायचं. आता बघायला हात कशाला कोरडे लागतात, हे विचारायची छाती आजवर कोणाची झाली नव्हती.

माणूस तसा साधा. दंतवैद्यांकडून साचे यायचे, त्यावरून हे कवळ्या करून द्यायचे. घराच्या मागच्या खोलीत प्लॅस्टरची पोती, मेणाच्या पट्ट्या, छोटी भट्टी आणि खिडकीत सुकत ठेवलेले वेगवेगळ्या लोकांचे जबडे. कामात हात इतका सफाईदार, की यांची कवळी घालून कोणी खोटं हसलं तरी खरं वाटावं. व्यसन नाही, कोणाशी वैर नाही, बाहेर हिंडणं नाही. खोड एकच. ऑनलाइन लिलाव. जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यात कोणीतरी आपल्या आजोबांचं कपाट रिकामं करायला घ्यावं, त्यात एखादा जुना कॅमेरा निघावा, आणि त्याच्यावर इथे प्लॅस्टर कालवता कालवता कवळीवाल्यांनी बोली लावावी, हा प्रकार वर्षानुवर्षं चालला होता.

लिलावाची म्हणून एक भाषा असते, ती त्यांना मुखोद्गत होती. 'तपासलेला नाही' म्हणजे तपासलाय आणि बंद आहे. 'वयाच्या मानाने उत्तम' म्हणजे हातात घ्याल तर तुकडे हातात येतील. 'मला यातलं काही कळत नाही' असं जो लिहितो, त्याला सगळ्यात जास्त कळतं. 'पार्टससाठी' म्हणजे संपलं, आता त्याचे स्क्रू काढून दुसऱ्याला लावा. आणि या सगळ्यांच्या वर, देव्हाऱ्यातल्या जागेवर, 'सील न फोडलेला'. कारखान्यातून निघाला तो डबा तसाच. आत काय आहे ते कोणी पाहिलेलं नाही आणि पाहायचंही नाही, कारण सील फुटलं की किंमत धाडकन खाली.

ही भाषा माणसांनाही लावायची त्यांना सवय लागली होती. मेहुणा म्हणजे 'बाहेरून चकचकीत, आत बुरशी'. शेजारचे निवृत्त मास्तर 'चालू स्थितीत, पण एकदा बटण दाबलं की थांबत नाहीत'. एकदा बायको नवे कपडे घालून समोर उभी राहिली आणि हे लाडात येऊन म्हणाले, "वयाच्या मानाने उत्तम!" त्यानंतर बरेच दिवस कवळीवाल्यांनी स्वतःचा चहा स्वतःच केला.

थोरली बहीण, अक्का, वरच्या खोलीत राहायची. ती हे ऐकून विचारायची, "आणि मला रे? माझं काय लिहिशील?"

"तुला यादीत टाकता येत नाही, अक्का. फोटो लागतो. तुझा फोटोच नाही."

हे मात्र अक्षरशः खरं होतं. ओळखपत्रावरचा तो पकडून आणलेल्या चोरासारखा फोटो धरू नका. बाकी घरातले सगळे अल्बम उलथेपालथे केले तरी अक्का कुठे सापडायची? लग्नाच्या फोटोत ती एक कोपर होती. भाचीच्या वाढदिवसाला पाठ. एका सहलीत तर झाडामागून नुसती पिशवी बाहेर आलेली. कॅमेरा दिसला रे दिसला, की अक्का तोंडावर हात धरायची नाहीतर दार धरायची.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी बोलायचं नाही. अक्का स्वतः लहान होती तेव्हा तान्ह्या भावाला कडेवर घेऊन जिना उतरताना तिचा पाय घसरला होता. मूल सोडून हात टेकले असते तर तिला खरचटण्यावर निभावलं असतं. तिने मूल सोडलं नाही. पायरीवर तोंड आपटलं, समोरचे दात गेले, आणि कडेवरच्या साहेबांना ओरखडासुद्धा नाही! तेच हे कवळीवाले. पुढे मोठे होऊन दात बनवायच्याच धंद्यात का शिरले, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. डोकं पिकलं, चाळिशी लागली, तरी अक्का त्यांना 'छोट्या'च म्हणायची.

वयोमानाने अक्काचे उरलेसुरले दात गेले, तेव्हा कवळीवाल्यांनी तिच्यासाठी कवळी केली. काय सांगायची त्या कवळीची गोष्ट! तिच्या वर्णाला शोभेल अशी दाताची छटा निवडायला तिला दिवसभर खिडकीपाशी बसवलं होतं. एक सुळा मुद्दाम किंचित वाकडा ठेवला, खरा वाटावा म्हणून. तशी कवळी त्यांच्या हातून पुन्हा झाली नाही. अक्काने ती बघितली, डोळे पुसले, आणि कापसात गुंडाळून एका पेटीत ठेवून दिली.

"अगं, घालायची असते ती!"

"रोज घातली तर झिजेल. इतकी सुरेख केली आहेस."

"न घालता ठेवलीस तर हिरड्या आक्रसतात, मग बसत नाही. आणि कोरडी तर अजिबात ठेवू नये."

"राहू दे रे. मोठ्या प्रसंगाला घालीन."

तो मोठा प्रसंग काही उगवला नाही. मात्र आल्यागेल्याला अक्का ती पेटी उघडून दाखवायची. "छोट्याने केलेत," असं बोळक्या तोंडाने सांगायची, आणि पाहुणा हात लावायला गेला की पेटी मागे घ्यायची. खाली भाऊ, वर बहीण. बायको म्हणायची, "या घरात वापरायला फक्त मी आहे."

आता निळ्या डब्याकडे येऊ. कुठल्याशा छोट्या कारखान्याने थोडे दिवस निळ्या कातड्याचे कॅमेरे काढले होते. एकाखाली एक दोन भिंगं, पोटाशी धरून वरून वाकून बघायचं, तसले. मग कारखानाच बंद पडला. त्यातला एक, सील न फोडलेला, लिलावात आला तेव्हा कवळीवाल्यांचा घास घशात अडकला. या धंद्यात शेवटच्या घटकेपर्यंत दबा धरून बसायचं असतं, आधी बोली लावली तर दुसरे सावध होतात. ते दबा धरून बसले. आणि नेमकं त्याच वेळी एका दंतवैद्याचं तातडीचं काम आलं. दोन्ही हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, समोर टेबलावर फोन, आणि लिलाव संपत आलेला. ओल्या प्लॅस्टरचं बोट फोन काही केल्या ओळखेना. पुसायला वेळ नाही. बायकोला हाक मारावी तर ती विचारणार, कितीची बोली? मग कवळीवाल्यांनी वाकून नाकाच्या शेंड्याने बटण दाबलं.

मिळाला! त्या पैशात घरात नवीन फ्रिज आला असता, असं बायकोने नंतर सांगितलं, आणि अजूनही जुना फ्रिज घरघरायला लागला की ती काही न बोलता नवऱ्याच्या नाकाकडे बघते.

डबा आला त्या दिवशी सगळ्यांनी हात धुतले. टेबलावर मऊ फडकं, फडक्यावर डबा. सगळे भोवती उभे. तेवढ्यात अक्का वरून चहाचा कप घेऊन आली, टेबलावर दुसरीकडे जागा दिसेना, म्हणून तिने कप ठेवला तो थेट डब्यावर. कवळीवाले असे किंचाळले की शेजारचे मास्तर धावत आले. "अक्का! कळतं की नाही तुला काही! माझ्या आयुष्याची वस्तू आहे ती!"

अक्काने मुकाट्याने कप उचलला. "बरं," एवढंच म्हणाली, आणि वर निघून गेली. कवळीवाले डब्याचं झाकण फुंकत बसले.

त्यानंतर काही महिन्यांनी अक्काच्या मुलीचा निरोप आला. तिचं घर पार दुसऱ्या टोकाला, समुद्रापलीकडे. आई, आता माझ्याकडे राहायला ये, खोली तयार आहे. अक्काचे गुडघे असे, की एवढा प्रवास एकदाच व्हायचा. परत येण्याचं काही खरं नव्हतं. ते कोणी तोंडाने बोललं नाही, पण बायकोने अक्काला आवडतात म्हणून रोज तेच ते पदार्थ करायला सुरुवात केली आणि कवळीवाले एक जबडा दोनदा घासायला लागले.

एके दिवशी ते जिना चढून वर गेले. अक्का शिवणाच्या मशीनला तेल देत बसली होती. शिवण्यासारखं काही नसलं तरी ती दर आठवड्याला मशीन फिरवून ठेवायची, बंद राहिली की तेल घट्ट होतं म्हणायची.

"अक्का, जायच्या आधी तुझा एक फोटो काढू दे."

"नको."

"एकच गं. मला ठेवायला. घरात तुझी नुसती कोपरं आहेत."

अक्काने तेलाची बुधली खाली ठेवली.  मग म्हणाली, "काढ. पण त्या निळ्या डब्यातल्या कॅमेऱ्याने."

"कुठल्या?"

"तुझ्या आयुष्याची वस्तू आहे ना, त्याने. तो उघड, मी कवळी घालते. नाहीतर दोघंही राहू देऊ."

म्हणजे तो चहाचा कप म्हातारी विसरली नव्हती! कवळीवाले खाली आले ते तोंड पाडूनच. त्यांनी आधी दुसरे कॅमेरे पुढे करून पाहिले. हा बघ किती छान, हा बघ चांदीसारखा. अक्का ढिम्म. फोनने काढू म्हणाले, तर तिने फोनकडे पाठ केली. शेवटी त्यांनी आपल्या एकुलत्या एक लिलावमित्राला फोन लावला. या गृहस्थांना सगळे 'बुरशी' म्हणायचे, कारण कुठल्याही कॅमेऱ्याचं नाव काढा, त्यांचा पहिला प्रश्न, "भिंगात बुरशी आहे का?" दोघं कधी भेटले नव्हते. एकमेकांच्या बोलीवर बोली चढवता चढवताच मैत्री झालेली.

"सील फोडणार?" बुरशी ओरडले. "अहो, शुद्धीवर आहात ना? जगात असे किती उरलेत! मला द्या. मी तुम्हाला माझा सोनेरी देतो, तुम्ही ज्याच्यासाठी तीन वर्षं माझ्या मागे लागलात तो!"

सोनेरी! कवळीवाल्यांना रात्रभर झोप नाही असं म्हणायची पद्धत आहे, पण खरं सांगायचं तर त्यांना झोप छान लागली आणि स्वप्नात सोनेरी कॅमेरा आला. सकाळी उठून मागच्या खोलीत गेले तर अक्काचे बाकीचे दात शाबूत असताना घेतलेला जुना साचा खिडकीत होता. इतकी वर्षं तो तिथेच होता, हे त्याची धूळ पुसणारे कवळीवालेही विसरून गेले होते. समोरच्या दोन दातांच्या जागी नुसती पोकळी. ते तो साचा हातात घेऊन स्टुलावर बसले. बायको चहा घेऊन आली तेव्हा म्हणाले, "फिल्मचा रोल कुठे मिळेल गं?"

 बायकोने ओले हात पुसले, त्यांचा फोन घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा लिलावात उतरली. जुना रोल, मुदत केव्हाच संपलेली, 'तपासलेला नाही'. समोरून कोणीतरी चिवटपणे बोली चढवत होता. हिच्या डोळ्यात अशी चमक आली की कवळीवाले जरा घाबरलेच. "हा कोण मेला, सोडतच नाही!" म्हणत ती शेवटपर्यंत लढली आणि जिंकली. "हरवलं त्याला!" म्हणून तिने टेबलावर हात आपटला. थोड्याच वेळात बुरशींचा फोन. "काय दिवस आलेत बघा. साधा रोल घेत होतो, तोही कोणीतरी नवशिक्याने पळवला. काही रीतभातच राहिली नाही." कवळीवाल्यांनी "हो ना" म्हणून फोन ठेवला.

रोल आला, आणि एका सकाळी सगळे गच्चीवर जमले. अक्का आत कवळी घालायला गेली. कवळीवाल्यांनी निळा डबा टेबलावर ठेवला, मेण कापायची पातळ सुरी घेतली आणि सीलच्या पट्टीवर ठेवली. आणि सुरी तिथेच थांबली. बायको म्हणाली, "मी कापू का?" "नको!" डोळे मिटून त्यांनी पट्टी कापली. झाकण निघालं. आत पातळ कागद, माहितीपुस्तक, आणि निळ्या कातड्याचा तो कॅमेरा, इतका कोरा की बघणाऱ्यालाच लाज वाटावी. कवळीवाल्यांनी तो पोटाशी धरला. कळ फिरवली. फिरेना. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. ढिम्म. इतकी वर्षं डब्यात पडून आतलं वंगण पार दगड झालं होतं. जगातला सगळ्यात नवा कोरा कॅमेरा, आणि त्याचा एक फोटो निघेना!

"दाबा की जोरात," बायको म्हणाली.

त्यांनी डोळे मिटून जोर लावला, आणि खट् असा स्वच्छ, कडक आवाज आला.

"चालला!" कवळीवाले नाचायलाच लागले. "अगं, चालला! ऐकलंस?"

"तो कॅमेरा नव्हता," बायको म्हणाली, आणि मागे बोट दाखवलं.

दारात अक्का उभी होती. तिने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तशी वरची कवळी सुटून खालच्या कवळीवर पडली. खट्. तिने बोटाने ती वर ढकलली, ओठ मिटले, रुबाबात दोन पावलं पुढे आली, आणि पुन्हा खट्. हिरड्या केव्हाच्या आक्रसलेल्या, कवळी कापसात कोरडी पडून वाकडी झालेली. पेटीत ठेवून ठेवून तिचेही बारा वाजले होते.

कवळीवाले हातातल्या कॅमेऱ्याकडे बघत राहिले, मग अक्काकडे. अक्का त्यांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघत होती. "बंद ठेवली की तेल घट्ट होतं," ती कॅमेऱ्याकडे बघून कसंबसं म्हणाली. "आणि न घातली की हिरड्या..." हे म्हणाले, आणि पुढचं बोलताच आलं नाही, कारण अक्का खुर्चीत बसली, तिने कवळी काढून मांडीवर घेतली आणि ती हसायला लागली. पोट धरून, तोंडावर हात न धरता. तोंडावर हात न धरता हसणारी अक्का त्या घरात कोणी पाहिलीच नव्हती.

"अहो, बघत काय बसलाय!" बायकोने ओरडून त्यांच्या दंडाला चिमटा काढला.

कवळीवाले खाली धावले. कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, मागे, तसलाच दोन भिंगांचा एक कॅमेरा पडलेला होता. कातडं सोललेलं, झाकणाला चिकटपट्टी, केवळ दुसऱ्याला स्क्रू लावायला 'पार्टससाठी' घेतलेला. तोच उचलला, हात न पुसता, आणि तीन-तीन पायऱ्या गाळत वर आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका कॅमेऱ्यात रोल भरला. बायकोने निळ्या डब्यातल्या पुस्तकात वाचून सांगितलं, यांनी भरला. पोटाशी धरून वाकून बघितलं तर काचेत अक्का दिसेना, नुसतं आकाश. डावीकडे वळवावं तर ती उजवीकडे पळायची.

"अक्का, हलू नको!"

"मी कुठे हलतेय! तूच हलतोयस मूर्खासारखा!" आणि तिला पुन्हा हसू फुटलं.

तेवढ्यात ती सापडली. त्या छोट्याशा चौकोनी काचेत, तोंड उघडं टाकून हसणारी, समोर एकही दात नसलेली अक्का. कवळीवाल्यांना रडू आलं. वाकलेलेच होते, त्यामुळे टिपं थेट काचेवर पडली आणि अक्का धूसर झाली. बाहीने काच पुसली, बटण दाबलं. खट्. या वेळी कॅमेराच होता.

रोल धुऊन आला तेव्हा बाकीचे सगळे फोटो कोरे होते किंवा काळे. एकच निघाला. त्याच्यावरही कडेने उजेड शिरून एक पांढरा पट्टा आलेला, आणि पट्ट्याच्या शेजारी अक्का हसतेय. तो फोटो आता कपाटात मधोमध आहे, निळ्या डब्याच्या जागी. निळ्या कॅमेऱ्याचं वंगण कवळीवाल्यांनी स्वतः साफ केलं, आता तो दर रविवारी चालवतात. बुरशींना त्यांनी सगळं सांगून टाकलं.  कोणी गेल्याचं कळल्यावर बोलतात तशा अगदी हळू आवाजात बुरशींनी विचारलं, "उघडलात तेव्हा... वास कसा आला हो?"

अक्का निघाली त्या दिवशी गाडी दारात उभी होती. नव्या कवळीचं माप तिने दिलं होतं, आणि करून पाठवलीस की रोज घालीन, असं कबूलही केलं होतं. जुनी पेटी मात्र हातात घट्ट धरलेली. "ही कशाला नेतेस? बसत नाही की ती."

"तिकडे पाहुणे येतील की. दाखवायला नको?" मग ती दारातच थांबली. "छोट्या, आता फोटो झाला माझा. टाक यादीत. काय लिहिशील?"

कवळीवाल्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "समोरचे दात गहाळ," ते म्हणाले. "गुडघ्यात आवाज येतो. झाकण बंद राहत नाही."

"चालू आहे की नाही?"

"चालू आहे." त्यांचा आवाज चिरकला. "विकायची नाही."

"मग लिलावात कशाला टाकतोस, वेड्या?" अक्का म्हणाली. तिचेही डोळे भरले होते, पण हात तोंडाकडे गेला नाही. "चल, बॅग उचल. आणि हात पुसू नकोस आता."